शेंदूर लावलेला कान

त्या वर्षीची दिवाळी सुखरूप पार पडली असती तर वृंदा खातूला काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे पुढे तिने जे केलं त्याची किंमत ज्याची त्याला काढता येईल. पुण्याच्या मुख्य कार्यालयात विभागप्रमुखाची खुर्ची. कंपनीचे थोडे शेअर, जे त्या दिवसांत झोपेतसुद्धा चढत होते. कोंडफळीच्या दमट क्वार्टरमधून, कपाटातल्या बुरशीसकट, कायमची सुटका. आणि ‘काय करतेस गं तू नेमकं?’ असं दर लग्नात विचारणाऱ्या मावससासूच्या तोंडावर फेकायला एक भारदस्त पद. अट एकच होती. कोंडफळी औद्योगिक वसाहतीचा आकडा दिवाळीपर्यंत खाली राहिला पाहिजे.

हा आकडा मटक्याचा नव्हे, पण लोक तो तितक्याच भक्तीने पाहत.

त्याची गोष्ट अशी. धातू फुटण्याआधी बोलतो. पोलादातली केसाहून बारीक चीर जरा पुढे सरकली की तिथून एक आवाज निघतो. तो इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणूस सोडा, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. वृंदा जिचं कोंडफळीतलं काम पाहत असे, त्या कंपनीने एक पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार केला होता. रासायनिक कारखान्यातल्या रिअॅक्टरला, पाइपांना, झडपांना तो चिकटवायचा. आत चीर सरकली की पापुद्रा थरथरतो, थरथरीची वीज होते, आणि संगणक त्या असंख्य टिचक्या ऐकून सांगतो की हे भांडं येत्या काही दिवसांत फुटण्याचा संभव किती. कंपनीने पापुद्र्याचं नाव ‘श्रुती’ ठेवलं होतं. कामगारांनी पहिल्याच पाळीत त्याला ‘कान’ करून टाकलं. कान जे सांगायचा त्याला कागदोपत्री ‘जोखीमांक’ म्हणत, आणि चहाच्या टपरीवर ‘आकडा’.

इथपर्यंत नुसतं विज्ञान होतं. मग त्यात विमा कंपन्या आल्या. त्यांनी हप्ता आकड्याला बांधला. आकडा उतरला की हप्ता उतरणार, चढला की चढणार, तोही वर्षाला नव्हे, तासाला. ज्यांचा आकडा फार खाली, त्यांनी आपली जास्तीची सुरक्षितता दुसऱ्या कारखान्याला विकावी, अशीही सोय झाली. सुरक्षितता विकता येते म्हटल्यावर मालकांना ती एकदम आवडू लागली. सरकारने हे पाहिलं आणि विचार केला की बाजारच जर रात्रंदिवस पहारा देतोय, तर निरीक्षकांच्या जीपमध्ये डिझेल कशाला घालायचं. नवा कायदा झाला. ज्या कारखान्यात कान बसवलेत, तिथे आकडा लाल रेषेच्या वर गेल्याशिवाय सरकारी निरीक्षकाने पाऊल टाकायचं नाही.

असा पाऊल टाकू न शकणारा एक निरीक्षक वृंदाच्याच घरात होता, तिचा नवरा उन्मेष बावकर. दिवसभर तो कार्यालयात पडद्यावरचे हिरवे आकडे पाही आणि संध्याकाळी सासऱ्यांशी भांडे. सासरे म्हणजे नाना खातू. उभी हयात याच वसाहतीत युनियन चालवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही मुठी आवळूनच बोलत. वृंदाची आई गेल्यापासून ते लेकीकडे राहत. जेवणाच्या टेबलावर रोज तोच खटला उभा राहायचा.

नानांचं म्हणणं, नफा आहे तोवर स्फोट आहेत. कारखानदाराला माणूस आणि गॅस्केट यांत स्वस्त काय ते बरोबर कळतं. उन्मेष म्हणे, नफा जगभर सगळीकडे आहे, भांडी फुटतात ती निरीक्षकाला गेटवर चहा पाजून परत पाठवतात तिथे.

“आणि तो चहा कुणाच्या पैशाचा असतो, जावईबापू?” नाना विचारत.

“पिणाऱ्याने नाही म्हणायचं असतं, नाना. त्यालाच कायदा म्हणतात.”

गंमत अशी, की दोघांचीही बोटं त्याच तुपात होती. नव्या कायद्यानंतर हप्त्यातून जी बचत होते तिचा एक वाटा कामगारांच्या बोनसमध्ये आला पाहिजे, हे कलम नानांनीच निवृत्तीच्या आधी भांडून मिळवलं होतं. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा आणि सगळ्यात मोठा विजय. उन्मेषच्या खात्यालाही दर हिरव्या आकड्यामागे शुल्क मिळे, आणि त्याच्या कार्यालयातलं वातानुकूलन त्या शुल्कावर चाले. आकडा खाली असला की मालक खूश, मजूर खूश, सरकार खूश. इतक्या सगळ्यांना एकदम खूश करणाऱ्या वस्तूकडे जरा संशयाने पाहावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

खंडेनवमी आली. या दिवशी कोंडफळीतल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. ‘सह्यशिखा ऑरगॅनिक्स’मध्येही हे दरवर्षी होई. हा कारखाना रंगांसाठी लागणारी रसायनं बनवत असे. मालक शिरीष पोतनीस हा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो कामगारांच्या मुलांची नावं लक्षात ठेवी आणि कर्जाचे हप्ते त्याहून पक्के लक्षात ठेवी. त्या वर्षी परदेशातली मोठी मागणी हातात होती, म्हणून पूजेसाठी तिसरा रिअॅक्टर थांबवायचा नाही, चालू भांड्याचीच पूजा करायची असं त्याने ठरवलं. या तिसऱ्या रिअॅक्टरमध्ये ब्रोमीन नावाचं जहाल विषारी द्रव्य उकळे, आणि त्याचा आकडा महिनाभर हळूहळू वर सरकत होता. उत्पादन वाढलंय, दुसरं काय, अशी वृंदाने स्वतःची समजूत घातली होती.

पूजेला नानांना मानाने बोलावलं होतं. नाना देव मानत नसत, पण मान मानत. हळदकुंकू झालं, माळा झाल्या, आणि मग कुणीतरी म्हणालं की आजवर आपण मोटारीला पुजतो, पंपाला पुजतो, आणि ज्याच्यामुळे बोनस मिळतो त्या कानाला मात्र कोरडंच ठेवतो. सगळ्यांना ते एकदम पटलं. गावच्या वेशीवरच्या दगडाला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर आणला गेला. पहिलं बोट नानांचं. नानांनी जरा आढेवेढे घेतले, मग चार बोटं बुडवून कानावर असा झकास लेप ओढला की पापुद्रा दिसेनासा झाला. मागून बाकीच्यांनी आपापली भर घातली.

तास उलटला नाही तोच गेटवरच्या मोठ्या पाटीवर तिसऱ्या रिअॅक्टरचा आकडा धाडकन उतरला. कान बसवल्यापासून इतका खाली तो कधीच गेला नव्हता.

अख्खी पाळी गेटवर जमली. पेढे आले. पोतनीसाने आपल्या मोबाइलवर हप्ता उतरताना पाहिला आणि स्वतःच्या हाताने नानांना पेढा भरवला. मालकाच्या हातून पेढा खाण्याची नानांची ही पहिलीच वेळ. घरी येऊन ते म्हणाले की साखर जास्त होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कीटकनाशकांच्या कारखान्याने कानांना शेंदूर लावला. मग औषधवाल्यांनी, मग रेझिनवाल्यांनी. बाजारपेठेतला शेंदूर संपला, चिपळूणहून पोती मागवावी लागली. एका व्यवस्थापकाने तर खर्चाच्या नोंदीत ‘शेंदूर’ असं न लिहिता ‘पृष्ठभाग संरक्षण’ असं लिहून घेतलं. सगळीकडे आकडे कोसळत होते, आणि कोसळणाऱ्या वस्तूवर इतका आनंद होण्याची ही पहिलीच वेळ असावी. पुण्याहून वृंदाला फोन आला, की कोंडफळीने काय जादू केलीय, तुमची खुर्ची पुसून ठेवलीय.

वृंदाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पूजेने पोलाद बरं होत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने लीड पेन घेतलं आणि ती सह्यशिखात गेली. कान तपासायची एक जुनी, साधी रीत आहे. भांड्याच्या अंगाला पेन्सिलीचं बारीक शिसं टेकवायचं आणि मोडायचं. ते मोडताना जो कट् होतो, तो चीर सरकण्याच्या आवाजाशी जुळतो. चांगला कान त्या आवाजाने दचकतो. तिने शिसं मोडलं. पडद्यावर काही हललं नाही. पुन्हा मोडलं. पंपाची घरघर दिसत होती, मोटारीचा ठोका दिसत होता, कान जिवंत होता. फक्त शिसं मोडल्याचं त्याला कळत नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं. वाजत्या परातीवर हात ठेवला की तिचा खणखणाट बसतो, नुसती धपधप उरते, तसंच झालं होतं. शेंदूर जड असतो, शिसे या धातूपासूनच तो होतो. त्याच्या लेपाने पापुद्र्याची बारीक थरथर दाबून टाकली होती. जाडेभरडे आवाज पोचत होते, म्हणून कान आपली स्वतःची तपासणी पास होत होता. चिरेचा आवाज तेवढा शेंदुरात अडकत होता. भांडं शांत झालेलं नव्हतं. शांत झाला होता तो फक्त कान. आणि आता हे साऱ्या वसाहतीत झालं होतं.

ती आधी पोतनीसाकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि म्हणाला की तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण त्याच आठवड्यात विम्याचं नूतनीकरण व्हायचं होतं. शेंदूर पुसून आकडा चढला तर हप्ता वाढणार, बँक घाबरणार, मागणी जाणार. मी एकट्याने पुसला आणि शेजाऱ्याने नाही, तर मी बुडालो आणि तो तरला. “सगळ्यांना एकदम पुसायला लावा, मॅडम. मी पहिला फडकं घेऊन येतो,” तो म्हणाला, आणि ते तो मनापासून बोलत होता.

सगळ्यांना एकदम पुसायला लावणारा माणूस म्हणजे उन्मेष. तो तिच्यावरच चिडला. कायद्यात काय लिहिलंय ते तुला पाठ आहे, आकडा रेषेवर गेल्याशिवाय मी गेटच्या आत जाऊ शकत नाही, आणि कान खोटं बोलतोय म्हणून तो रेषेवर जाणारच नाही.

“म्हणजे कान बिघडलाय हे पाहायला तुला कानाचीच परवानगी लागणार?”

“हो,” तो म्हणाला. त्याला ते लागलं होतं. वरिष्ठांना त्याने पत्र पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं, की शेंदुराबद्दल नियमावलीत तरतूद नाही, दिवाळीनंतर समिती नेमता येईल. वृंदाच्या मुख्य कार्यालयाने तर उलट विचारलं, की ग्राहक समाधानी आहेत ना, मग ग्राहकाच्या परवानगीशिवाय कानाला हात लावू नका.

उरले नाना. शेंदूर पुसायला कामगार तयार नव्हते. देवाला लावलेला शेंदूर खरवडायचा म्हणजे काय, आणि तोही बोनसच्या तोंडावर. नानांनी एक शब्द टाकला असता तर ऐकलं असतं. पण नानांना वाटलं की हा मालकाचाच डाव आहे. बोनस द्यायची वेळ आली की आकडा चढवायचा, आणि या वेळी त्यासाठी माझ्याच पोरीला पुढे केलंय. असं ते तोंडावर म्हणाले. वृंदा ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी लागताच ती केरोसीनची बाटली आणि फडकं घेऊन तिसऱ्या रिअॅक्टरच्या शेडमध्ये शिरली. खुर्ची, शेअर, पुणं, सगळं त्या फडक्यात गुंडाळलेलं आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने पुसायला सुरुवात केली. लालभडक ओघळ भांड्यावरून खाली आले. कामगार भोवती जमले. कुणी हात धरला नाही, पण कुणी बाजूलाही होईना, आणि एकाने नानांना फोन लावला की तुमच्या मुलीला आवरा.

नाना धापा टाकत आले. गेटवरच्या रखवालदाराने नेहमीप्रमाणे सलाम ठोकला. नानांना तिथे कधी कुणी बिल्ला विचारला नव्हता. तोवर अर्धा कान मोकळा झाला होता. वृंदाने आपला हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. माणसाला ऐकू येईल अशा पट्टीत उतरवलेला तो आवाज होता. गरम वाळूत लाह्या फुटाव्यात तसा. आधी एकेक, मग दोनतीन, मग सलग.

नानांचा चेहरा बदलला. “हे आत्ताचं आहे?”

“आत्ताचं.”

त्यांनी हेडफोन शेजारच्या कामगाराला दिला, त्याने पुढच्याला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तेवढ्यात पाटीवरचा आकडा वर निघाला, रेषा ओलांडून गेला, आणि भोंगा वाजू लागला. भांड्यात जाणारं ब्रोमीन आपोआप बंद झालं. पण आत होतं ते होतंच, आणि ते उकळत होतं.

मग मात्र नाना तरुण झाले. संपाच्या दिवसांतला तो आवाज त्यांनी कुठून काढला कोण जाणे. ओळ करा, पळू नका, वाऱ्याच्या उलट चला, डबे राहू द्या. शेड भराभर रिकामी झाली. वृंदाला त्यांनी अक्षरशः ढकलत बाहेर काढलं. गेटपाशी माणसं मोजली तेव्हा कळलं की वरच्या फलाटावरचे दोघं आलेले नाहीत. तिथे कॉम्प्रेसरचा असा कल्लोळ असतो की सगळे कानात बोळे घालून काम करतात. भोंगा त्यांना ऐकू गेलाच नव्हता. कुणी काही ठरवायच्या आत नाना माघारी वळले होते.

ते दोघं धावत बाहेर आले, आणि पाठोपाठ भांड्याचा सांधा उकलला. तांबूस तपकिरी ढग शेडच्या छपरातून फुगत वर आला. त्यांना पुढे पिटाळून मागून उतरणारे नाना जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतच पोचले होते.

आकडा रेषेवर गेल्याचा संदेश उन्मेषला मिळाला त्याच क्षणी तो निघाला होता. कार्यालय समोरच होतं. कायद्याने आता तो आत जाऊ शकत होता, आणि गेला, तोंडावर गॅस मास्क चढवून, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा. सासऱ्यांना खांद्यावर टाकून तो बाहेर आला तेव्हा नानांचे डोळे मिटलेले होते आणि खोकला थांबत नव्हता. उन्मेषने त्यांना गवतावर ठेवलं. नानांनी एक डोळा किलकिला केला.

“जावईबापू,” ते कसेबसे म्हणाले, “परवानगी घेऊन आलात ना?”

वृंदा रडता रडता हसली. वारा खाडीकडचा होता, ढग निर्मनुष्य कातळावर जाऊन विरला. साऱ्या वसाहतीत त्या दुपारी फडकी आणि केरोसीन फिरलं. शेंदूर उतरला आणि आकडे चढले. आणखी दोन ठिकाणी भांडी वेळेवर थांबवता आली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सगळे वाचले होते. असं कोंडफळीत कधी घडलं नव्हतं.

आता हिशेब. पोतनीसाला विम्याची पूर्ण रक्कम मिळाली. नूतनीकरण आकडा तळाला असतानाच झालं होतं, आणि शेंदूर हा शब्द कोणत्याच अटीत नव्हता. विमा कंपन्यांनी सगळ्यांचे हप्ते वाढवून ती वर्षभरात भरून काढली. वृंदाच्या कंपनीने शेंदूर न धरणारा पापुद्रा काढला, जुन्याहून महाग, आणि तिचे शेअर आणखी चढले. ते वृंदाकडे नव्हते. ग्राहकाच्या मालमत्तेला विनापरवाना हात लावल्याबद्दल तिची नोकरी गेली होती. आकडा चढल्यामुळे कामगारांचा बोनस बुडाला. त्याबद्दल कुरकुर करायला मात्र सगळे हजर होते. समिती नेमली गेली. दोष भांडवलाचा की नियमनाचा, यावर तिने दोन्ही बाजूंनी लिहिलं आणि खाली सर्वांनी सह्या केल्या.

नानांचं एक फुप्फुस कामातून गेलं. भरपाईच्या यादीत ते बसत नव्हते, कारण ते कामगार नव्हते आणि त्या दिवशी त्यांची हजेरी कुठेच नव्हती. घरात प्राणवायूचं यंत्र आलं. जेवणाच्या टेबलावरचा खटला चालूच राहिला. फरक इतकाच, की नानांना एक वाक्य पुरं करायला आता वेळ लागे आणि उन्मेष मधे न बोलता थांबे.

महिन्याभराने नानांच्या नावाने एक सरकारी नोटीस आली. नव्या कायद्यात निरीक्षकांनी करायचे सगळे दंड काढून टाकले होते, एकच राहिला होता. जोखीमांक रेषेच्या वर असताना धोकादायक क्षेत्रात विनापरवाना प्रवेश. जिन्यावरच्या कॅमेऱ्याने चेहरा टिपला होता, बाकीचं यंत्रणेने आपोआप केलं. कोंडफळीच्या दुर्घटनेत कुणालाही झालेला तो एकुलता एक दंड. खाली छापील सही, उन्मेष बावकर, निरीक्षक.

उन्मेष पांढराफटक पडला. मी हे रद्द करून घेतो म्हणाला, नाहीतर मी भरतो म्हणाला. नानांनी मान हलवली. वृंदाला कपाटातून पेन्शनचे पैसे आणायला सांगितले, नोटा स्वतः मोजल्या, जावयाच्या हातात ठेवल्या, आणि श्वास जमवून पावती मागितली.